झोपाळ्याचे पोपडे

आमच्या घरच्या झोपाळ्यास त्वग्रोग जडला आहे, असें आमचे धाकटे बंधु विनोदानें म्हणत असत. विनोद जुना झाला, बंधूंचे केस पिकले, परंतु रोग कांहीं बरा झाला नाहीं. वाईच्या आमच्या घरीं सोप्यावर टांगलेला हा सागवानी झोपाळा आमच्या आजोबांनीं १९३४ सालीं करविला. फळी सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन इंच जाड. चार कोपऱ्यांस पितळेच्या कड्या. या फळीवर चार पिढ्यांनीं दुपारच्या झोपा काढल्या, पाढे पाठ केले, गव्हांतले खडे वेंचले, मुली पाहिल्या आणि मुली दाखविल्या. अशा या फळीच्या वरच्या अंगावरील व्हार्निश २०१२ सालच्या उन्हाळ्यापासून सुटूं लागलें. आधीं पांढुरके फुगवटे आले, मग ते फुटून त्यांचे पोपडे झाले. हे पोपडे सोंवळ्यास चिकटत, काकूंच्या लुगड्यांत अडकत, मुलांच्या पोटऱ्यांस टोंचत. शेवटीं काकूंनीं फळीवर एक सतरंजी पसरली, आणि प्रकरण मिटलें असें सर्वांनीं धरून घेतलें. आमच्यासारख्या मोठ्या घरांत सतरंजीखालीं मिटलेलीं प्रकरणें पुष्कळ असतात.

या व्हार्निशाचा दोष कोणाचा, याविषयीं मात्र आमच्या घरांत कधीं वाद झाला नाहीं. दोष मिस्त्रींचा, हें आम्हीं पहिल्याच दिवशीं ठरवून टाकलें होतें. पाहुणा आला, सतरंजीची कड सरकली, पोपडा दिसला, कीं "अहो, हल्लीं कारागीर राहिलेत कोठें!" हें वाक्य आमच्या तोंडून आपोआप निघे. पाहुणेहि मान डोलावीत. कारण प्रत्येकाच्या घरीं सुटलेलें, तडकलेलें, गळणारें असें कांहीं ना कांहीं असतेंच, आणि त्याचा कर्ता घराबाहेरचा असला म्हणजे मनास बरें वाटतें.

त्या कामाची हकीकत अशी. २०११ सालच्या श्रावणांत आमच्या पुतण्याच्या नव्या पत्नीची पहिली मंगळागौर आमच्या घरीं व्हावयाची होती. पन्नास-साठ बायकांचें आमंत्रण झालेलें. घरास रंग दिला, तांब्यापितळेस चिंच लागली, आणि मग आमची दृष्टि झोपाळ्याकडे गेली. तोंपर्यंत या फळीस व्हार्निश असें कधीं लागलेंच नव्हतें. आजोबांच्या वेळचें पॉलिश लाखेचें. त्यावर दर दिवाळीच्या आधीं काकू आपल्या हातानें मेण चोळीत. मधमाशीचें मेण टर्पेंटाइनांत विरघळवून तें मऊ फडक्यानें फळीवर फिरवावयाचें, ही कृति त्यांस त्यांच्या सासूबाईंनीं, म्हणजे आमच्या आजीनें, शिकविलेली. त्या पॉलिशाची झिलई मंद असे. संध्याकाळीं समईच्या उजेडांत पाहावी अशी. आम्हांस मात्र एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत पाहिलेल्या मेजासारखा आरसा हवा होता. पॉलियुरेथेन नांवाचें तें व्हार्निश. त्यावर पाणी सांडलें तरी डाग नाहीं, चहाचा कप ठेवला तरी वळें नाहीं, असा त्याचा लौकिक. आम्ही स्वतः दुकानांत जाऊन डबा घेऊन आलों.

पॉलिशाचें काम करणारे मिस्त्री आले. त्यांनीं फळीवरून अंगठा फिरविला, अंगठ्याचा वास घेतला, आणि म्हणाले, "नाना, हिच्यात मेण मुरलंय, डोक्याचं तेल मुरलंय. समदी खरवडून, पुसून घ्याया पायजे. त्यात हवा ओली. आठ दिस द्या."

मंगळवार तीन दिवसांवर आला होता. पहिल्या दिवशीं मिस्त्री आणि त्यांचा मुलगा खिडकीच्या बाजूनें खरवडीत बसले. उजेड तिकडे चांगला. संध्याकाळीं पाहतों तों फळीचा तिसरा हिस्सासुद्धां पुरा झालेला नाहीं! आमचा धीर सुटला. "आतां घांसणें पुरे," आम्ही म्हणालों, "उद्यां सकाळीं व्हार्निशाचा हात लागलाच पाहिजे." मिस्त्रींनीं एकदां आमच्याकडे पाहिलें, एकदां फळीकडे पाहिलें. स्वयंपाकघराच्या दारांतून काकू म्हणाल्या, "नाना, तेलकट पाटाला रंगसुद्धां धरत नाहीं रे." कर्त्या पुरुषानें एकदां बोलून टाकल्यावर तें मागें घेण्याची पद्धत आमच्या घरांत नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहिला हात लागला, रात्रीं दुसरा. मंगळागौरीच्या रात्रीं झिम्मा-फुगड्यांनंतर दमलेल्या मुली झोपाळ्यावर येऊन बसल्या, तेव्हां फळींत त्यांच्या बांगड्यांचें प्रतिबिंब दिसत होतें, आणि आम्ही तें येणाऱ्याजाणाऱ्यास दाखवीत होतों.

मजुरी ठरली होती ३,२०० रुपये. १,८०० आधीं दिले होते. उरलेले १,४०० गणपतींत देऊं म्हटलें. गणपतींत खर्च फार झाला. दिवाळींत राहून गेलें. माघांत मिस्त्री एकदां येऊन गेले, तेव्हां आम्ही पुण्यास होतों. चैत्रांत ते पुन्हां आले. आणि तोंवर फळीवर पहिले फुगवटे दिसूं लागले होते. आम्हीं त्यांस हाताला धरून झोपाळ्यापाशीं नेलें, फुगवट्यावर बोट ठेवलें आणि म्हटलें, "आधीं हें पाहा, मग पैशांचें बोलूं." मिस्त्री वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग "बरं" एवढेंच म्हणून पायऱ्या उतरून गेले. ते परत आले नाहींत. त्या वेळीं आपण मोठे न्यायानें वागलों, असेंच आम्हांस वाटलें होतें.

पुढचीं बारा वर्षें सतरंजीनें सांभाळलीं. २०२४ च्या दिवाळींत मात्र आमच्या चार वर्षांच्या नातीच्या मांडीस पोपड्याचा ओरखडा निघाला, आणि पुतण्यानें, ज्याच्या पत्नीची ती मंगळागौर होती त्यानेंच, फळीवर सनमायका मारून टाकण्याची सूचना मांडली. काकू आतां अठ्ठ्यायशी वर्षांच्या आहेत. १९५६ सालीं त्या या घरांत सून म्हणून आल्या. आमचा जन्म त्यानंतर दोन वर्षांनीं. त्यांचें दुपारचें निवडणें-टिपणें अद्यापि झोपाळ्यावरच चालतें. त्या म्हणाल्या, "मी आहें तोंवर तें नको." तेव्हां निवृत्तीनंतर रिकामे असलेले आम्ही पुढें झालों, आणि मार्गशीर्षांत, हवा कोरडी झाल्यावर, झोपाळा उतरवून मागच्या पडवींत दोन घडवंच्यांवर ठेवला.

ज्या वाचकांच्या घरीं असा रोगी असेल त्यांनीं पहिल्यानें कागद घेऊन घांसत सुटूं नये. लाकडावर कोणता लेप आहे हें आधीं ओळखावें, आणि तें ओळखणें सोपें आहे. फळीच्या खालच्या, न दिसणाऱ्या अंगावर, जेथें मिस्त्रींचा हात पोहोंचलाच नव्हता तेथें, आम्हीं स्पिरिटांत भिजविलेलें पांढरें फडकें क्षणभर दाबून धरलें. पृष्ठभाग चिकट झाला आणि फडक्यावर तांबूस-पिंगट डाग उतरला. ही लाख. वरच्या अंगावरील चकाकत्या लेपावर तेंच फडकें धरलें, तर त्याच्या केसासहि धक्का लागला नाहीं. स्पिरिटानें विरघळते ती लाख, थिनरनें विरघळतें तें लॅकर, आणि दोघांनाहि दाद देत नाहीं तें तेलाचें किंवा पॉलियुरेथेनाचें व्हार्निश, एवढें लक्षांत ठेवलें म्हणजे पुरे.

लाखेविषयीं चार शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. पळस, कुसुंब, बोर अशा झाडांच्या कोंवळ्या डाहाळ्यांवर एक अत्यंत लहान किडा सहस्रावधि संख्येनें वस्ती करतो आणि आपल्या अंगांतून पाझरणाऱ्या राळेचें कवच स्वतःभोंवतीं उभारतो. तें कवच खरवडून, धुऊन, वितळवून, त्याचे कागदासारखे पातळ पापुद्रे करतात. बाजारांत त्यांस चपडी म्हणतात. पांडवांसाठीं बांधलेलें घर लाखेचें, सुवासिनींच्या बांगड्या लाखेच्या, टपालाच्या थैलीवरील मोहोर लाखेची. सावंतवाडीचीं लांकडी खेळणीं चरकावर फिरत असतांना रंगीत लाखेची कांडी त्यांवर दाबून धरतात, आणि घर्षणाच्या उष्णतेनें रंग आपोआप चढतो. बालगंधर्वांचीं पदें ज्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांतून आमच्या आजोबांनीं ऐकलीं त्या तबकड्यांतहि लाखच होती. आजहि या उत्पादनांत झारखंड अग्रेसर आहे. रांचीजवळ नामकुम येथें लाखेच्या अभ्यासासाठीं संस्था निघाली ती १९२४ सालीं, म्हणजे आमच्या झोपाळ्याहून ती दहा वर्षांनीं वडील. लाखेस दोष आहेत. गरम कप ठेवला कीं पांढरें वळें उठतें, दमट दिवसांत पॉलिश केलें तर त्यावर दूध सांडल्यासारखी साय धरते. परंतु तिचा एक गुण असा कीं नव्या हातांतील स्पिरिट जुन्या हातास किंचित् विरघळवितें आणि दोन्ही मिळून एकच थर होतो. म्हणून लाखेचें जुनें पॉलिश दुरुस्त करावयास तें सारें काढावें लागत नाहीं. व्हार्निशाचें तसें नाहीं. तें एकदां वाळलें कीं वाळलें. पुढचा हात त्याच्या डोक्यावर बसतो, त्यांत मिसळत नाहीं. खालचा आधार पक्का असेल तोंवर ती कातडी वज्रासारखी असते, आणि आधार सुटला कीं सापाच्या कातेसारखी निघून येते.

आधार कां सुटतो, हें समजून घेण्यांत आमचे चारपांच दिवस गेले. आणि खरें सांगावयाचें तर त्या अभ्यासांत आमचा एक अंतस्थ हेतु होता. लाकूड पावसाळ्यांत फुगतें, उन्हाळ्यांत आक्रसतें. लांबीच्या दिशेनें जवळजवळ नाहींच, पण रुंदीच्या दिशेनें चांगलें जाणवेल इतकें. आणि ताठर लेपास ही हालचाल सोसत नाहीं. सूर्यप्रकाश पारदर्शक व्हार्निशांतून आरपार जाऊन खालच्या लाकडाचा पृष्ठभागच कुजवितो, मग लेप धरील कशास? सागास तर अंगचेंच तेल असतें. हीं सर्व कारणें आम्हीं वहींत उतरून ठेवलीं. प्रत्येक कारण खरें आहे, आणि प्रत्येक कारणांत मनुष्याची सुटका आहे. एवढीं निसर्गाचीं कारणें जमल्यावर मिस्त्रींवरचा आरोपहि थोडा सौम्य करावयास आम्ही तयार झालों होतों. आमच्यावर आरोप आहे ही कल्पना मात्र अजून आमच्या मनास शिवली नव्हती.

मग खरवडावयास बसलों. बोथट पातें घ्यावें आणि तें लाकडाच्या रेषांच्या दिशेनेंच चालवावें. आडवें चालविलें कीं रेषा उसवतात. देवघराच्या बाजूनें सुरुवात केली. पोपड्याखालीं पातें सरकविलें कीं हातभर पापुद्रा एका दमांत उचलून येई, कांद्याची साल निघावी तसा. त्याच्या खालच्या अंगास बोट लावलें तर मऊ, मेणचट. नातीनें तर कौतुकानें त्यांची परडी भरली. दोन तासांत फळीचा बराच मोठा भाग मोकळा झाला, आणि खालून आजोबांची ती काळसर-तांबूस लाख जागोजाग दिसूं लागली. आमचा उत्साह वाढला. याच वेगानें दुपारपर्यंत फळी साफ होईल असें वाटलें.

खिडकीच्या बाजूनें दोन फूट राहिले असतां पातें अडकलें. जोर केला, पातें घसरलें आणि आमच्या अंगठ्यास लागलें. दुसरीकडून प्रयत्न केला. तेथेंहि तेंच. लेप थोडा फिका पडला होता, त्यावर बारीक ओरखडे होते, पण तो लाकडाशीं असा एकजीव झाला होता कीं नखभर तुकडा निघेना. जेथें सुटण्याचें थांबलें होतें तेथें फळीच्या रुंदीस एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुतारी पेन्सिलीची एक सरळ रेघ होती.

आम्ही पातें खालीं ठेवलें. सूर्यप्रकाश म्हणावा तर तो खिडकीच्याच बाजूस अधिक. त्या हिशेबानें तेंच टोक आधीं सुटावयास पाहिजे होतें. पावसाळे म्हणावे तर सगळ्या फळीनें तेच तेरा सोसलेले. लाकूड एक, डबा एक, हात एक, दिवस एक. फरक एवढाच, कीं रेघेच्या अलीकडे मिस्त्रींनीं खरवडून, पुसून घेतलें होतें, आणि रेघेपाशीं संध्याकाळ झाली होती व आम्ही सोप्यावर येऊन उभे राहिलों होतों.

काकू पडवीच्या दाराशीं खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांस दृष्टीचा थोडा त्रास आहे. त्यांनीं हातानें चांचपून ती कड पाहिली, इकडची बोटें तिकडे नेलीं. मग विचारलें, "नाना, त्या मिस्त्रीचे राहिलेले पैसे दिले होतेस ना रे?"

आम्ही उत्तर दिलें नाहीं. अठ्ठ्यायशीव्या वर्षीं मनुष्यास उत्तर न देण्याचाहि अर्थ कळतो. त्या आंत निघून गेल्या, आणि त्या दिवशीं दुपारीं आमच्या ताटांत आमच्या आवडीची अळूची भाजी वाढतांना नेहमीसारख्या "आणखी घे" म्हणाल्या नाहींत.

रात्रीं जेवणें झाल्यावर घरांत एक विचित्र चर्चा झाली. पैसे द्यावयाचे हें ठरलें, पण किती? तेरा वर्षांनीं १,४०० रुपये नेऊन हातावर ठेवणें म्हणजे अपमान. पांच हजार नेणें म्हणजे दान. पुतण्यानें मोबाईलवर सात टक्क्यांनीं चक्रवाढ करून ३,३७४ हा आकडा काढला. काकूंस तो पटला नाहीं. त्या म्हणाल्या, "व्याज सावकाराला देतात. कारागिराची मजुरी राहिली आहे, तर आजची मजुरी काय तें बघा." दुसऱ्या दिवशीं चौकशी केली, तेवढ्याच कामास आतां ८,००० पडतील असें समजलें. त्या प्रमाणांत मिस्त्रींचा राहिलेला वांटा ३,५०० झाला. दोन हिशेबांत अंतर अवघें सव्वाशें रुपयांचें पाहून पुतण्या हंसूं लागला. पण दुसरा हिशेब सांगतांना आमची मान जितकी खालीं गेली तितकी पहिल्यानें गेली नसती, हेंहि खरें.

मिस्त्री नदीपलीकडे राहतात. त्यांचा हात आतां कांपतो. काम पांच-सहा वर्षांपूर्वींच सुटलें. मुलगा पुण्यास फवाऱ्यानें पॉलिश करण्याच्या कारखान्यांत आहे. आम्ही दारांत उभे राहिलों तेव्हां त्यांनीं आम्हांस ओळखलें, आणि त्यांच्या मुद्रेवर राग आला नाहीं, आनंदहि आला नाहीं. "या" म्हणून त्यांनीं सतरंजी झटकली. काय बोलावयाचें तें आम्हीं वाटेंत जुळवून ठेवलें होतें. त्यांतलें एकहि वाक्य त्या वेळीं सुचलें नाहीं. आम्ही म्हणालों, "मिस्त्री, तुमची रेघ सांपडली. रेघेच्या अलीकडचें काम जसेंच्या तसें आहे. चूक आमची होती." एवढें म्हणून पैशांचें पाकीट पुढें केलें, आणि हिशेब कसा धरला तोहि सांगितला.

मिस्त्रींनीं पाकीट उघडलें. नोटा सावकाश मोजल्या. बोटें कांपत असल्यामुळें दोनदां मोजल्या. मग त्यांतून दोनशेंची एक नोट वेगळी काढून आमच्यासमोर ठेवली.

"ही कसली?"

"त्या टायमाला अर्धा डबा उरला व्हता. मी घिऊन गेलतो. इचारलं न्हवतं."

आम्ही "छे छे, असूं द्या" म्हणत होतों. पण त्यांनीं नोट उचलली नाहीं, आणि ती तशीच मधें पडून राहिली. शेवटीं आम्हीं ती घेतली. मग त्यांनीं चहा मागविला, आणि पहिल्या घोटाबरोबर विचारलें, "आता हिला काय लावताय?"

दोन दिवसांनीं पुतण्यानें त्यांस गाडीवरून घरीं आणलें. पडवींत खुर्चीवर बसून त्यांनीं काम सांगितलें आणि आम्हीं व पुतण्यानें तें केलें. खिडकीकडील दोन फूट काढावयाचे आम्ही बोललों, तर त्यांनीं मान हलविली. "धरलेलं कशापायी काढायचं? बारीक कागद मारा, चमक तेवढी मोडा, आन् वरून समदीकडं लाख घ्या. लाख कशालाबी धरती. लाखेला समदं धरत न्हाय." उरलेल्या फळीवरचें मेण काढण्यासाठीं टर्पेंटाइनाचीं फडकीं फिरविलीं, पहिलें फडकें कढींत बुडविल्यासारखें पिवळें निघालें, सातवें पांढरें. जुन्या लाखेस हात लावावयाचा नव्हता, म्हणून स्पिरिट अगदीं शेवटीं आणि अगदीं थोडें.

चपडी आदल्या रात्रीं भिजत घातली होती. लिटरभर स्पिरिटास पाव किलो. भांडें काचेचें, लोखंडाच्या भांड्यांत लाख काळवंडते. भिजविलेली लाख फार दिवस ठेवूं नये. जुनी झाली म्हणजे ती वाळत नाहीं, चिकटच राहते. सकाळीं ती मलमलीतून गाळली. जुन्या धुवट धोतराच्या फडक्यांत कापसाचा गोळा बांधून त्यास लाख पाजावयाची, आणि अळशीच्या तेलाचा एकच थेंब बोटानें लावून तो फळीवर लांबच लांब फिरवावयाचा. मधें थांबावयाचें नाहीं. थांबलें कीं गोळा चिकटतो आणि खळगा पडतो. आम्ही थांबलों आणि तो पडला. मिस्त्री म्हणाले, "राहू द्या, फुडच्या हातात भरंल." तो भरलाहि. एक सावधगिरी मात्र मोठ्या घरांत सांगितलीच पाहिजे. स्पिरिट तात्काळ पेट घेतें, म्हणून काकूंच्या देवघरांतील नंदादीप आणि आमचें हें काम यांमध्यें दोन दालनें ठेविलीं होतीं. आणि अळशीच्या तेलाचीं फडकीं चुरगळून कोपऱ्यांत टाकूं नयेत, तीं आपोआप पेटतात. तीं दोरीवर पसरून वाळूं द्यावीं. स्पिरिटाची बाटली मुलांच्या हातीं लागूं देऊं नये, हें सांगावयास नकोच.

पहिले तीन हात तासाभराच्या अंतरानें झाले. पुढचे दर दिवशीं एक. सहाव्या हातास फळी बोलूं लागली. आरसा नाहींच, पण सकाळचें ऊन तिरकें आलें म्हणजे सागाच्या रेषा आंतून पेटल्यासारख्या दिसत. रेघेच्या अलीकडचा भाग किंचित् फिका राहिला आहे. पाहुण्यास सांगितल्याशिवाय तो कळत नाहीं. आम्हांस मात्र माजघरांतूनहि दिसतो.

शेवटच्या हातानंतर पुतण्यानें मिस्त्रींस त्या दिवसांची मजुरी दिली; ती त्यांनीं न मोजतां खिशांत घातली. जातांना काकूंस नमस्कार करून त्यांनीं फळीवरून अंगठा फिरविला, पूर्वींप्रमाणेंच त्याचा वास घेतला, आणि आमच्याकडे न पाहतां म्हणाले, "टांगा आज. बसायला मातुर आठ दिस द्या."

झोपाळा टांगला. काकू भाजीची परात घेऊन शेजारीं पाटावर बसूं लागल्या. नातीनें दिवसांतून दहादां विचारावें आणि त्यांनीं भिंतीवरील दिनदर्शिकेकडे बोट दाखवावें, असें चाललें होतें. आठवा दिवस मंगळवार आला. त्या दिवशीं दुपारीं त्यांनीं सतरंजी घडी करून कोठीच्या खोलींत ठेवून दिली, परात उचलली, आणि झोपाळ्यावर खिडकीच्या बाजूस जाऊन बसल्या.